शिळं नव्हतं, वासही नव्हता, मग बाधलं काय?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, 'कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका.' त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. काही पत्रांत राग आहे. तो मला समजतो. आईने, आजीने हाताला धरून शिकवलेली गोष्ट कुणी चूक म्हटली की लागतंच. पण बऱ्याच पत्रांत आजारपण आहे, आणि दोघांनी तर रिपोर्टवरच्या एकाच शब्दाला लाल पेनाने गोल करून कागद पाठवलाय: कॅम्पिलोबॅक्टर. माझं कामाचं सगळं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, संडासचे नमुने तपासण्यात गेलं. या जंतूशी माझी ओळख जुनी आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मांसाहार करत नाही, लहानपणापासून नकोच म्हणते. एका बुधवारी रात्री तिला ताप भरला, अंग दुखायला लागलं. गुरुवारी पहाटेपासून पोटात कळा आणि जुलाब, संध्याकाळी त्यात रक्त. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक वेळा कोंबडीतून येतो. पण ती तर कोंबडी खातच नाही! बुधवारी दुपारी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, तिथे तिने केक खाल्ला. मी त्या मैत्रिणीच्या आईला फोनवर नाही नाही ते बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. घरात बाकी कुणाला काही झालं नाही, मग दुसरं काय कारण असणार?

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी तुम्हाला फोन केला होता. तेव्हा विचारलेलं इथे पुन्हा लिहिते, कारण हा हिशोब प्रत्येकाला करता यायला हवा.

पोट बिघडलं की आपण शेवटचं काय खाल्लं ते आठवतो. काही विषबाधांत ते बरोबरही ठरतं. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतो, म्हणून खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. कॅम्पिलोबॅक्टरचं तसं नाही. तो जिवंत पोटात जावा लागतो, आतड्यात पोचून तिथे वाढावा लागतो, आतड्याच्या अस्तराला इजा करावी लागते. याला बहुधा २ ते ५ दिवस लागतात. क्वचित एकच दिवस, क्वचित १० सुद्धा. तिला बुधवारी रात्री ताप आला. म्हणजे बुधवारी दुपारच्या केकचा यात हात असणं जवळपास शक्यच नाही. शोधायचं ते आधीच्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत.

आणि रविवारी तुमच्या घरी कोंबडी केली होती.

मी तुम्हाला त्या सकाळी ओट्यावर काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावलं. तुम्ही आठवून आठवून सांगितलंत. आधी कोंबडीचे तुकडे केले. फळी आणि सुरी नळाखाली धरली, ओट्यावरच्या फडक्याने पुसली. कोंबडी शिजत ठेवली. तेवढ्यात मुलगी 'भूक लागली' म्हणत आली, म्हणून त्याच फळीवर काकडी चिरून तिच्या हातात दिली. ती तिथेच उभी राहून खात होती, हे सांगताना तुम्ही थांबलात. मीही थांबले.

शंभर टक्के तीच काकडी, असं मी म्हणू शकत नाही. ती काकडी आता कुणालाच तपासता येणार नाही. पण घरातल्या ज्यांनी कोंबडी खाल्ली त्यांना काही झालं नाही, कारण कोंबडी चांगली शिजली होती, उकळली होती. काकडी कच्ची होती. आपण विचार करतो तो पदार्थाचा, 'कोंबडी कुणी खाल्ली?' विचारायला हवं ते असं, की कच्च्या कोंबडीचा ओलावा कुठे कुठे लागला आणि त्यानंतर न शिजवता काय खाल्लं गेलं.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या उत्तरांना तिचा आधार आहे. अन्न बाधतं म्हणजे ते शिळं झालं, आंबलं, बाहेर राहिलं, त्यात जंतू वाढले, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. कॅम्पिलोबॅक्टर स्वयंपाकघरात वाढत नाही. ३० अंशांच्या खाली त्याची वाढ होत नाही आणि हवेतला एवढा ऑक्सिजन त्याला सोसत नाही. पण त्याला वाढायची गरजच नसते. काहीशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि तेवढे कच्च्या कोंबडीच्या पाण्याच्या एका थेंबात असू शकतात. म्हणून ताजेपणा बघून उपयोग नाही. वास घेऊन कळत नाही, चवीला फरक पडत नाही, रंग बदलत नाही. सकाळी आणलेली उत्तम कोंबडीसुद्धा तितकीच जपून हाताळावी लागते.

ओलं फडकं धुवायला टाका. फळी साबणाने, गरम पाण्याने घासा आणि पूर्ण वाळू द्या. कोरडं पडलं की हा जंतू फार टिकत नाही, त्यामुळे वाळवणं हे धुण्याइतकंच कामाचं आहे. शक्य असेल तर कच्च्या मांसाला फळी वेगळीच ठेवा. तेवढंही जमत नसेल तर क्रम बदला: काकडी, टोमॅटो, फळं आधी चिरून बाजूला झाकून ठेवायची, कोंबडीला हात शेवटी.

आणि आज त्या मैत्रिणीच्या आईला फोन करा. दोन मुलींची मैत्री यात अडकली आहे.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कोंबडी मीठ-लिंबू लावून चार पाण्यांनी धुतात. कुणाला काही झालं नाही. न धुता शिजवायची म्हणजे किळस वाटते. तुम्ही लोकांना अस्वच्छपणा शिकवताय.

उत्तर : किळस वाटते हे खरं आहे आणि मी ती खोटी ठरवणार नाही. मलाही पहिल्यांदा न धुता कोंबडी पातेल्यात टाकताना हात अडखळला होता.

तुम्ही मला एकदा हे करून बघाल का? मी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन हे केलं होतं. सिंकच्या आजूबाजूला, ओट्यावर, खाली जमिनीवर पांढरे कागद पसरले. कोंबडीच्या तुकड्यांना खायचा लाल रंग चोळला आणि नेहमीसारखी नळाखाली धुतली. कोणताही आव न आणता, रोजच्या हाताने. मग कागद उचलून बघितले. सिंकच्या कडेला ठिपके असणार हे सगळ्यांनाच अपेक्षित होतं. पण भांडी निथळायच्या जाळीखालच्या कागदावर ठिपके होते. पाण्याच्या पेल्याच्या काठावर एक होता. धुणाऱ्या मुलीच्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, बारीक रांगोळीसारखे ठिपके उठले होते. ती बराच वेळ त्या बाहीकडे बघत होती. मांस धुताना उडालेले थेंब अर्ध्या मीटरपलीकडेही जातात. रंग नसेल तर ते दिसत नाहीत, एवढाच फरक.

आता धुऊन मिळतं काय, तेही बघा. हे जंतू कातडीच्या सुरकुत्यांत, पिसांच्या छिद्रांत बसलेले असतात. पाण्याने ते सगळे निघत नाहीत. मीठ-लिंबाने काही मरत असतील, सगळे नाही, आणि जे निघतात ते नाल्यात जाण्याआधी तुमच्या ओट्यावर उतरतात. याउलट मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला तापलं की एकही उरत नाही. जे काम आच पूर्ण करणार आहे ते पाण्याकडून अर्धवट करून घ्यायचं, आणि त्यासाठी सगळं स्वयंपाकघर शिंपडायचं, हा सौदा वाईट आहे. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने २०१४ साली 'कच्ची कोंबडी धुऊ नका' अशी देशभर मोहीमच चालवली, ती याच जंतूसाठी.

रक्त, चिकटपणा नकोसा वाटतो ना? कागदी रुमालाने टिपून घ्या, कागद लगेच कचऱ्यात टाका, हात साबणाने धुवा. धुवायचंच असेल, आणि काही घरांत ते सुटणार नाही हे मला माहीत आहे, तर नळाखाली धरू नका. खोल भांड्यात पाणी घेऊन त्यात हलकेच बुडवून काढा, पाणी सावकाश ओता, आणि नंतर सिंक, नळाची तोटी, ओटा साबणाने घासा. नळाची तोटी हमखास विसरली जाते.

'तीन पिढ्या काही झालं नाही' याबद्दल इतकंच म्हणेन, की तीन दिवसांनी आलेले जुलाब आपण कधी रविवारच्या कोंबडीच्या नावावर मांडतच नाही. ते पाण्याच्या, हवेच्या, नाहीतर कुणाच्या तरी केकच्या नावावर जातात.

प्रश्न : वडिलांना जुलाब झाले तेव्हा पहिल्या प्रयोगशाळेने संडासचं कल्चर करून 'रोगजंतू आढळले नाहीत' असं लिहून दिलं. चार दिवसांनी दुसरीकडे तपासलं तर कॅम्पिलोबॅक्टर. पहिल्यांनी तपासलंच नव्हतं का? पैसे घेऊन फसवलं असं समजायचं का?

उत्तर : फसवलं असेलच असं नाही. तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मला जरा सविस्तर द्यावंसं वाटतं.

बहुतेक रोगजंतू ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेवर, साध्या हवेत वाढतात. नमुना बशीतल्या जेलीवर पसरला आणि रात्रभर उबवणीपेटीत ठेवला की सकाळी वसाहती दिसतात. कॅम्पिलोबॅक्टर असा दिसत नाही. तो मूळचा पक्ष्यांच्या आतड्यातला, आणि कोंबडीच्या अंगाची उष्णता असते ४१-४२ अंश. म्हणून त्याला ४२ अंश लागतात. ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास हवा, बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. म्हणून बशा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून आत वायूची पुडी टाकावी लागते. शिवाय आतड्यातले बाकीचे जंतू त्याच्यापेक्षा भराभर वाढून त्याला झाकून टाकतात, त्यांना रोखायला जेलीत ठरावीक प्रतिजैविकं मिसळावी लागतात. आणि एका रात्रीत नाही, ४८ तास थांबावं लागतं. 'संडासचं कल्चर' एवढंच चिठ्ठीवर असेल तर हे सगळं प्रत्येक ठिकाणी होतंच असं नाही. पहिल्या प्रयोगशाळेने जे शोधलं ते त्यांना सापडलं नाही, इतकाच त्या रिपोर्टचा अर्थ. पुढच्या वेळी डॉक्टरांना चिठ्ठीवर 'कॅम्पिलोबॅक्टरसाठी' असं स्पष्ट लिहायला सांगा, आणि नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्या. हल्ली पीसीआरनेही, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीनेही, तो सापडतो.

हा जंतू अख्ख्या वैद्यकशास्त्राच्या हातून कितीतरी वर्षं निसटला होता. १८८६ साली थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने जुलाबांनी दगावलेल्या बाळांच्या आतड्यात वळणदार जंतू पाहिले, त्यांचं वर्णन केलं. पण ते त्याला प्रयोगशाळेत वाढवता आले नाहीत. ज्या ई. कोलायचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्यातला 'ई' म्हणजे हाच एशेरिक. त्याने पाहिलेली दुसरी गोष्ट मात्र विस्मरणात गेली. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रसेल्समध्ये बुट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून हे सडपातळ जंतू वेगळे काढले. आणि १९७७ साली इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या मार्टिन स्किरो यांनी प्रतिजैविकं मिसळलेली जेली वापरून जुलाबाचे ८०३ रुग्ण तपासले. ५७ जणांत कॅम्पिलोबॅक्टर मिळाला. जुलाब नसलेले १९४ लोक तपासले, त्यांच्यात एकातही नाही. कुठलीही साधी प्रयोगशाळा करू शकेल अशी ती पद्धत होती. त्यानंतर जिथे जिथे लोकांनी शोधलं तिथे तिथे तो निघत गेला. आज जागतिक आरोग्य संघटना जगभरातल्या जुलाबांच्या चार प्रमुख कारणांत त्याला मोजते.

मी पहिल्यांदा तो पाहिला ती बशी मला अजून दिसते. राखाडी, ओलसर, चपट्या वसाहती, रेघ ओढली होती त्या रेघेवरून पसरलेल्या, जणू काचेवर पाण्याचे थेंब ओघळलेत. मी त्यातला कणभर काचपट्टीवर घेतला. रंगवल्यावर तो दूर उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखांसारखा दिसतो, लहान मूल चित्रात आभाळात काढतं ना, तसा. आणि न रंगवता, जिवंत पाहिला तर स्क्रूसारखा गिरक्या घेत क्षणात नजरेबाहेर जातो. आतड्याच्या चिकट थरात शिरायला ही गिरकीच त्याच्या कामी येते. त्या नमुन्याच्या डबीवर एका लहान मुलाचं नाव होतं. त्याच्या आईला आठवडाभर सगळे 'दात येतायत, म्हणून होतंय' असं सांगत होते.

प्रश्न : आमचे आजोबा धारोष्ण दूधच पितात आणि नातवंडांना देतात. ताज्या दुधात कसले जंतू, असं त्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : आजोबांना नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. गाय निरोगी दिसते, दूध गोड लागतं, भांडं लख्ख असतं, तरी शेणाचा अगदी सूक्ष्म अंश दुधात उतरू शकतो आणि जनावरांच्या आतड्यात हा जंतू सहज राहतो. त्याने ती जनावरं आजारी पडत नाहीत. १९८१ साली रॉबिन्सन नावाच्या डॉक्टरने पेलाभर दुधात मोजून ५०० जंतू घातले आणि स्वतः प्यायला. आजारी पडला. जंतूला दूध वाढायला नको होतं, पोटात पोचायला हवं होतं. ब्रिटनमध्ये तर दाराशी ठेवलेल्या बाटल्यांची झाकणं पक्ष्यांनी चोचीने फोडली आणि ते दूध प्यायलेल्यांना हा आजार झाला, असंही नोंदलं गेलंय. दूध पाश्चराइज केलेलं होतं, जंतू चोचीवरून आले.

दूध उकळा. एक उकळी पुरते.

विहिरीच्या, बोअरच्या पाण्याबद्दल आणखी चार जणांनी विचारलंय, त्यांनाही इथेच सांगते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थ गावात जोरदार पाऊस झाला, मेंढ्यांची विष्ठा वाहून बोअरच्या पाण्यात मिसळली. त्या पाण्यात क्लोरीन घातलं जात नव्हतं, कारण ते शुद्ध म्हणून नावाजलेलं होतं. सुमारे १४ हजार वस्तीच्या गावात ५ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. पाणी नितळ दिसत होतं.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. ताप, जुलाब, थोडं रक्त असं झालं. मैत्रिणीकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या होत्या, त्या घेतल्या, जुलाब थांबवायची गोळीही घेतली. पोट फुगलं, कळा वाढल्या. आता बरी आहे. पुन्हा झालं तर काय करू?

उत्तर : बरी आहेस हे वाचून हायसं वाटलं. पुन्हा तसं करू नकोस. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तेव्हा जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. आतडं जे बाहेर टाकू बघतंय ते त्या गोळीने आत कोंडलं जातं.

बहुतेकांचा हा आजार ३ ते ६ दिवसांत आपोआप ओसरतो. धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव, कमी पाण्यात 'स्ट्राँग' करून नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. घोटघोट, सतत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. भूक लागेल तसं खायचं, उपाशी राहायचं नाही.

अँटिबायोटिक बहुतेकांना लागत नाही. खूप आजारी असलेल्यांना, गरोदर बाईला, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला डॉक्टर देतात, आणि तेव्हा साधारणपणे अॅझिथ्रोमायसिन निवडतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या ज्या गोळ्या घरोघरी उरलेल्या सापडतात, त्यांना हा जंतू आता बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. याचं एक कारण कोंबड्यांनाही त्याच गटातली औषधं दिली गेली. अमेरिकेत २००५ साली कोंबड्यांसाठी तसलं एक औषध, एन्रोफ्लॉक्सासिन, बंद करावं लागलं ते यामुळेच. चार गोळ्यांचा अर्धा डोस घेऊन आपण तेच, जंतूला औषधाची सवय लावायचं काम, घरच्या घरी करत असतो.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं: रक्त पडलं, ताप चढाच राहिला, सात-आठ तास लघवी झाली नाही, उठल्यावर भोवळ आली, पाणीही पोटात ठरेना, किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही तर. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं असतील तर एवढी वाटही बघायची नाही.

प्रश्न : माझ्या भावाला जुलाब झाले, चार दिवसांत बरा झाला. दोन आठवड्यांनी पायाला मुंग्या यायला लागल्या, मग जिना चढता येईना, मग उभंच राहता येईना. गियाँ-बारे सिंड्रोम निघाला. तेरा दिवस अतिदक्षता विभागात होता. आता काठी घेऊन चालतो. डॉक्टर म्हणाले, आधीच्या जुलाबांमुळे झालं असावं. त्या आठवड्यात घरचा स्वयंपाक मीच केला होता. मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी कितीदा वाचलं सांगू शकत नाही.

आधी भावाबद्दल. या आजारात जंतू मज्जातंतूंपर्यंत जातच नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या काही साखळ्या असतात, आणि आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हुबेहूब तशाच काही असतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतं, आणि जंतू गेल्यावर तीच प्रतिपिंडं चुकून मज्जातंतूंवर चालून जातात. म्हणून मध्ये एक ते तीन आठवड्यांची शांतता असते, आणि म्हणून कुणाला आधीच्या जुलाबांची आठवणही राहत नाही. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला हे होतं. कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही, आणि जुलाबांवर काही वेगळं औषध दिलं असतं तर टळलं असतं असंही नाही. उपचार आहेत: इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं. बहुतेक माणसं पुन्हा चालू लागतात, पण मज्जातंतू हळू भरून येतात, महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. काठी हातात आहे म्हणजे पाय जमिनीवर आहेत. व्यायाम सोडू देऊ नका.

इतर वाचकांनी एवढंच लक्षात ठेवावं: जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी दोन्ही पायांत मुंग्या, अशक्तपणा वर वर चढत जाणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. कारण श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही स्वयंपाक केलात. कदाचित त्यातून गेलं असेल, कदाचित बाहेरच्या पाण्यातून, दुधातून, कुणाच्या कुत्र्याच्या पिल्लातूनही. तुम्हाला हा जंतू कुणी दाखवला होता? कोंबडीच्या पिशवीवर तो लिहिलेला होता? मी या सदरात घरच्या ओट्याबद्दल लिहिते, कारण वाचकाच्या हातात ओटा असतो. पण हा जंतू ओट्यावर जन्मत नाही. तो कोंबड्यांच्या शेडमध्ये पसरतो, कापताना आतडं फुटून मांसाला लागतो. न्यूझीलंडमध्ये २००६ साली या आजाराचं प्रमाण फार वाढलं होतं. त्यांनी कोंबडी उद्योगावर मोजमाप आणि मर्यादा घातल्या, आणि २००८ पर्यंत रुग्ण निम्म्याहून कमी झाले. लोकांची स्वयंपाकघरं दोन वर्षांत बदलली नव्हती. जे काम साखळीच्या सुरुवातीला व्हायला हवं, त्याच्या अपयशाचं ओझं शेवटच्या बाईच्या खांद्यावर टाकणं मला मान्य नाही. तुम्हीही ते स्वतःच्या खांद्यावर घेऊ नका. भावाला विचारून बघा, तो तुम्हाला दोष देतो का.

प्रश्न : कोंबडी फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवली तर जंतू मरतात ना? आणि शिजली हे ओळखायचं कसं, आमच्याकडे थर्मामीटर नाही.

उत्तर : गोठवल्याने त्यांची संख्या बरीच घटते, पण काही उरतात. साध्या फ्रीजमध्ये तर ते बाहेरच्यापेक्षा जास्त टिकतात, थंडीत वाढत नाहीत पण जगून राहतात. म्हणून कच्चं मांस झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी कशावर टपकणार नाही. बर्फ विरघळवायला ओट्यावर ठेवण्यापेक्षा आदल्या रात्री खालच्या कप्प्यातच ठेवा.

थर्मामीटर घ्या असंच सांगेन, महाग वस्तू नाही. तोवर सगळ्यात जाड तुकडा निवडा, हाडालगत सुरी घाला. रस स्वच्छ यायला हवा, मांस कुठे गुलाबी, काचेसारखं दिसता कामा नये, आतून वाफ निघायला हवी. रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका, शंका आली तर आणखी दहा मिनिटं शिजवा. रश्श्यात खदखदून शिजवलेल्याची काळजी कमी. निखाऱ्यावर भाजलेल्याची जास्त, कारण ते बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आणि भाजायला कच्चे तुकडे ज्या ताटातून नेले त्याच ताटात भाजलेले परत घेऊ नका.

प्रश्न : नवरा एका कँटीनमध्ये स्वयंपाकी आहे. कॅम्पिलोबॅक्टर झाला होता, कालपासून बरा आहे. कामावर कधी पाठवू?

उत्तर : शेवटचा जुलाब झाल्यापासून पूर्ण ४८ तास जाऊ द्या, आणि कँटीनच्या व्यवस्थापकांना आजाराचं नाव सांगा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे संडासमधून जंतू बाहेर पडू शकतात, पण माणसाकडून माणसाला हा आजार फारसा जात नाही, हात साबणाने नीट धुतले तर जवळजवळ नाहीच. संडासहून आल्यावर आणि अन्नाला हात लावण्याआधी, वीस सेकंद, नखांखालीसुद्धा. घरात त्यांचा टॉवेल तोपर्यंत वेगळा ठेवा.